पाटांचं प्रदर्शन: बसता आलंच पाहिजे का?

चौरंगवाली: आम्ही काही चित्रकार आणि डिझायनर मिळून प्रदर्शन भरवतोय. प्रत्येकाला एकेक जुना सागवानी पाट, त्याचं हवं ते करा. एक पठ्ठ्या तो उभा चिरून भिंतीवर टांगणार म्हणतोय! मग तो पाट कसला? नियम घालावेत का?

रंधा_पटाशी: डॅनिश वास्तुरचनाकार आर्ने याकोबसनची १९५५ची 'सिरीज ७' खुर्ची बघा. साठ वर्षं झाली म्हणून २०१५मध्ये फ्रिट्झ हान्सन कंपनीने ती सात वास्तुरचनाकारांच्या हाती दिली. झाहा हदीद यांनी पायच पार बदलले, तरी कंबरेत आवळलेल्या पाठीवरून खुर्ची लांबूनही ओळखू येते. ओळख पटली पाहिजे, एवढाच नियम ठेवा. बसण्याचा आग्रह कशाला?

भुसा: आमच्याकडे सुतारकाम आहे म्हणून सांगतो, आधी पाट उलटा करा. खालच्या आडव्या पट्ट्या नुसत्या उंचीसाठी नसतात, फळीला बाक येऊ नये म्हणूनही असतात. लाकूड दमट हवेत रुंदीत फुगतं. रंगाचा जाड थर एकाच बाजूला दिलात तर पावसाळ्यात पाट वाकडा होईल, दोन्हीकडे द्या. आणि त्या चिरणाऱ्याला म्हणावं, करवत लावण्याआधी खिळे उपट, नाहीतर पातं गेलंच.

चौरंगवाली: ओळखीचा नियम पक्का. खिळ्यांचा निरोपही पोचवते. पितळी फुल्यांचा पाट मात्र कुणालाच देणार नाही, आजी घराबाहेर काढेल.