लांब केसांची मांजर पाळायची तर कंगवा आपल्याच हातात हवा

दांडियाबाजारकरीण:
गेल्या पावसाळ्यात मी आमच्या पर्शियन चिमीला एका ग्रूमरकडे, म्हणजे मांजरांना अंघोळ घालून विंचरून देणाऱ्याकडे, सोडून आले. परत मिळाली ती छान सुगंधी होऊन, पण दोन दिवस दिवाणाखालून बाहेर आली नाही. पंधरवड्यात तिच्या कानामागे गोल टक्कल पडलं आणि पाठोपाठ माझ्या मनगटावर लाल चट्टा. गजकर्ण! ही बुरशी कंगव्यावरून, टॉवेलवरून एका मांजरीची दुसरीला लागते, आणि माणसालाही. तिथूनच आली असं छातीठोक म्हणता येणार नाही. पण तिथे एकच कंगवा सगळ्या मांजरांना फिरत होता, हे मी स्वतः पाहिलं.

तेव्हापासून घरीच. पर्शियनला वर लांब केस आणि खाली कापसासारखी दाट लव असते. जट धरते ती त्या लवेत, कातडीलगत. वरून हात फिरवला तर मांजर मऊच लागते. म्हणून केस बोटांनी फाकवून, स्टीलच्या कंगव्याने मुळापर्यंत जावं लागतं: काखा, पोट, कानामागे, मांड्यांची मागची बाजू. रोज दहा मिनिटं. महिन्यातून एकदा पैसे मोजून हे होत नाही. ज्यांना जमणार नाही त्यांनी आखूड केसांची मांजर पाळावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

मांजलपूरकर:
ताई, तुम्हाला झालेला त्रास खराच. पण 'घरीच' या हट्टापायी मी आमच्या बोक्याला जखमी केलंय. काखेत जट झाली होती. आधी अंघोळ घातली, म्हटलं सुटेल. पाण्याने ती आणखी आवळली. मग कात्री घेतली. मांजराची कातडी पातळ आणि सैल. जट ओढली की तिच्याबरोबर कातडीही वर येते आणि नेमकी कुठे संपते ते दिसत नाही. चार टाके पडले. रात्रभर मला झोप नाही. आता दर सहा आठवड्यांनी हात बसलेल्या माणसाकडे नेतो. तो कात्री लावतच नाही, जट मशीनने उतरवतो.

दांडियाबाजारकरीण:
कात्री लावा असं मी कुठे म्हटलं? आणि रोज कंगवा फिरला असता तर जट झालीच नसती.

रावपुरा १२:
तुमचं 'आखूड केसांची मांजर पाळावी' हे वाक्य मला लागलं, म्हणून लिहिते. माझं वय 71, बोटं संधिवाताने वाकलीत, कंगवा धरता येत नाही. मांजर बारा वर्षांची. तिलाही आता मान वळवून पाठ चाटता येत नाही, त्यामुळे शेपटीपाशी गुंता होतो. तिला कुणाला देऊन टाकू? आठवड्यातून दोनदा एक मुलगा घरी येतो. कंगवा माझा, टॉवेल माझा, आणि मी शेजारी बसून तिच्या कपाळावर हात ठेवते. ती हलत नाही.

निजामपुरावाला:
सगळे कंगव्यावरच अडलेत. वडोदऱ्यात मे महिन्यात 42-43 अंश होतं, मी तर पूर्ण केस काढून आणतो. हे घरी कोण करणार?

आणंद-पदवीधर:
मी आणंदच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकलो, म्हणून निजामपुरावाल्यांना आधी सांगतो. सगळे केस काढू नका. तेच केस कातडीला उन्हापासून वाचवतात. मोकळी, विंचरलेली लव हवा खेळू देते. जट झालेली देत नाही. पंखा, गार फरशी, भरपूर पाणी द्या. चपट्या नाकाच्या मांजरांना धाप लवकर लागते, त्यामुळे बंद पिंजऱ्यातला गरम ड्रायर त्यांच्या जिवावर बेतू शकतो. कुठेही नेलंत तरी हे आधी विचारा.

दुसरं, मांजर शांत राहावी म्हणून गुंगीचं औषध ग्रूमरने द्यायचं नसतं. ते डॉक्टरांचं काम. पर्शियनमध्ये मूत्रपिंडात गाठी होण्याचा आनुवंशिक आजार आढळतो. गुंगी देण्याआधी तपासणी लागते. आणि कुत्र्यांचा गोचीडनाशक शाम्पू मांजरीला कधीही लावू नका. त्यात परमेथ्रिन हे कीटकनाशक असेल तर तिला झटके येतात, जीवही जातो. हे घरीही घडतं आणि दुकानातही.

दांडियाबाजारकरीण:
रावपुऱ्याच्या काकू, तुमची माफी मागते. तुमच्याकडे चाललंय त्याला मी 'घरीच' म्हणेन. मांजलपूरकर, तुम्हाला मात्र मी अजून सोडत नाही. सहा आठवडे फार झाले.

मांजलपूरकर:
नेणं थांबवणार नाही, माझ्या हातावर माझा भरवसा उरलेला नाही. पण कालपासून आमचा कंगवा पिशवीत वेगळा ठेवलाय. आणि आज सकाळी काखेत हात घालून पाहिलं. मटाराएवढी एक गाठ आहे. थोडं कॉर्नफ्लॉवर लावून बोटांनी सोडवू का, की डॉक्टरांकडे नेऊ?

आणंद-पदवीधर:
एवढीच असेल तर बोटांनी सोडवा. केस मुळाशी चिमटीत धरा, म्हणजे कातडीला ओढ बसणार नाही. तो गुरगुरला की थांबा, उरलेलं उद्या.