मदत हवी आहे: ८ किलो गटातला पहिलाच कॉम्बॅट रोबो, मोटर-ड्रायव्हर-शस्त्र काय घ्यावं?

शॉर्टसर्किट

नमस्कार मंडळी. मी कोल्हापूरची, मेकॅनिकल डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. आमची चौघांची टीम फेब्रुवारीत जवळच्याच एका कॉलेजच्या रोबोवॉरमध्ये (दोन रोबो रिंगणात भिडतात ती स्पर्धा) ८ किलो गटात उतरतेय. हातात साधारण अडीच महिने आहेत आणि वर्गणी काढून जमलेले पंचवीस हजार. सिनिअर्सनी कधी असला बॉट केलेला नाही, त्यामुळे कॉलेजात विचारायला कोणी नाही.

नियम थोडक्यात: वजन ८ किलो, त्यावर ५ टक्के सूट. व्होल्टेज जास्तीत जास्त २४. रिमोट वायरलेसच हवा. आग, पाणी, जाळं, चिकट पदार्थ बंद. किल स्विच (सगळं एकदम बंद करणारा) बाहेरून हाताला लागेल असा. निर्णय पंचांकडे गेला तर नुकसान, आक्रमकता आणि कंट्रोल यांवर गुण.

आत्तापर्यंत ठरलेलं असं. ड्राइव्हला (चाकं फिरवायला) चार जॉन्सन गिअर मोटर, १२ व्होल्ट, ३०० आरपीएम, चाकं १०० मिमीची. बॅटरी ३एस लायपो (तीन सेलची लिथियम बॅटरी), २२०० एमएएच. मोटर ड्रायव्हर (रिमोटच्या इशाऱ्याप्रमाणे मोटरला करंट देणारं सर्किट) म्हणून लॅबमध्ये एल२९८एन पडून आहेत, ते फुकट. रिमोट फ्लायस्काय एफएस-आय६ घ्यायचा. चेसिस ३ मिमी एमएस (साध्या पोलादाच्या) पत्र्याची, वरचं झाकण अ‍ॅक्रिलिकचं.

भांडण शस्त्रावरून आहे. टीममधल्या दोघांना ड्रम (समोर वेगाने फिरणारा दातांचा दंडगोल) हवा: १०० मिमी व्यास, १२० मिमी लांब, भरीव, त्यावर दोन दात. एकाच्या मामांची शिरोलीला फाउंड्री आहे, ते बिडाचा ड्रम फुकट ओतून देतो म्हणालेत. फिरवायला लॅबमधल्या ड्रोनची ए२२१२ ब्रशलेस मोटर. माझं म्हणणं, पहिल्या वर्षी नुसता वेज (समोरच्याच्या खाली घुसणारा उतरता पत्रा) किंवा फार तर लिफ्टर (समोरच्याला उचलणारा हात) करू. त्यावर उत्तर येतं की वेज म्हणजे नुसतं ढकलगाडं, प्रेक्षक हसतील.

ड्रम की वेज? एल२९८एन चालेल का? आणि पंचवीस हजारांत पैसा कुठे ओतायचा, कुठे हात आखडता घ्यायचा?

टर्नर_शिरोली

ताई, आधी त्या ड्रमचं वजन काढा. १०० व्यास, १२० लांबी, भरीव. स्टीलची घनता ७८५० धरली तर ७.४ किलो होतात. बिडाचा केला तरी पावणेसात-सातच्या घरात. गट कितीचा? आठचा. म्हणजे तुमचा बॉट हा चाकं लावलेला ड्रम झाला, बॅटरी खिशात घेऊन फिरा.

आणि बीड अजिबात नको. मामांना नमस्कार सांगा, पण बिडाला धक्का सोसत नाही. दाबाखाली छान राहतं, म्हणून मशीनचे बेड बिडाचे असतात. हातोड्याचा एक नीट घाव बसला की तुकडा निघतो. तुमच्या ड्रमवर सेकंदाला शंभर वेळा तोच घाव बसणार आहे. फिरणाऱ्या ड्रमचा तुकडा सुटला तर तो कुणाच्या तोंडावर जाईल ते तुम्ही ठरवू शकत नाही. एसजी आयर्न (बिडाचाच चिवट प्रकार) म्हणाले तरी ऐकू नका. ईएन२४ (मजबूत मिश्र पोलाद) घ्या, लेथवर काढा आणि हार्डनिंग करून घ्या. उद्यमनगरात हे सगळं चालत जायच्या अंतरात आहे, परगावच्या पोरांना हे सुख नाही.

मामांकडून फुकट घ्यायचंच असेल तर मशीनचा वेळ घ्या. लेथ, मिलिंग, वेल्डिंग. तुमचा निम्मा खर्च तिथे वाचेल.

पवईकर

आयआयटी मुंबईच्या टेकफेस्टच्या पिटमध्ये (टीम बॉट दुरुस्त करतात ती जागा) काही वर्षं टीमबरोबर हुंदडलो आहे, त्यावरून सांगतो. बहुतेक बॉट समोरच्याच्या शस्त्राने मरत नाहीत, स्वतःच्या वायरिंगने मरतात. कनेक्टर निसटतो, ड्रायव्हर जळतो, ग्रब स्क्रू (चाक शाफ्टवर घट्ट धरणारा छोटा स्क्रू) ढिला होऊन चाक मोकळं फिरायला लागतं. त्यामुळे पैसा ओतायचा तो ड्राइव्हवर.

एल२९८एन विसरून जा. एका चॅनेलला २ अँपिअर, वर दोनेक व्होल्ट तो स्वतःच खातो. जॉन्सन मोटर मोकळी फिरताना एका अँपिअरच्या आत असते, पण समोरच्या बॉटला भिंतीशी रेटताना सात-आठ अँपिअर सहज ओढते. एका बाजूच्या दोन मोटर समांतर जोडल्या की हिशोब दुप्पट. मग ड्रायव्हरचे पर्याय दोन. बीटीएस७९६० चे दोन मॉड्यूल, एकेका बाजूला एक. स्वस्त आहेत, पण त्यांच्यावर छापलेल्या ४३ अँपिअरवर जाऊ नका, त्या हीटसिंकच्या तुकड्याला ते झेपत नाही. शिवाय रिसीव्हरचा सिग्नल त्यांना थेट कळत नाही, मध्ये आर्डुइनो (प्रोग्रॅम करायचा छोटा बोर्ड) लागतो. म्हणजे बिघडायला आणखी एक वस्तू. दुसरा पर्याय सायट्रॉनचा एमडीडीएस३०: एका चॅनेलला ३० अँपिअर, रिसीव्हर थेट लागतो, मिक्सिंग (एकाच काठीवरून दोन्ही बाजूंच्या चाकांचा वेग ठरवणं) आतच होतं. महाग आहे. तरी मी तुमच्या जागी असतो तर शस्त्राचे पैसे तिथे घातले असते.

रिमोट बरोबर निवडलाय. मिक्सिंग ड्रायव्हरमध्ये करा किंवा रिमोटमध्ये एलेव्हॉन मिक्स चालू करा, दोन्हीकडे एकदम करू नका, नाहीतर बॉट दारू प्यायल्यासारखा चालतो. फेलसेफ (सिग्नल तुटला की बॉट आपोआप थांबणं) लावा आणि तपासा: बॉट उलटा करून ठोकळ्यावर ठेवा, चाकं फिरवा, रिमोट बंद करा. चाकं तिथल्या तिथे थांबायला हवीत. बहुतेक ठिकाणी तांत्रिक तपासणीत पहिलं हेच बघतात.

अ‍ॅक्रिलिकचं झाकण नको, पहिल्याच फटक्यात काचेसारखं फुटतं. पॉलिकार्बोनेट घ्या.

लेस्टरचा_पाटील

इकडे इंग्लंडमध्ये नवशिक्यांना १५० ग्रॅमच्या अँटवेटपासून सुरुवात करायला सांगतात. छोट्या एन२० मोटर, थ्रीडी प्रिंटची बॉडी, खर्च कमी आणि बोटं शाबूत. तुमच्या स्पर्धेत तो गट नसणार, पण पुढच्या वर्षीच्या ज्युनिअर्ससाठी डोक्यात ठेवा.

वेजला हसणाऱ्या त्या दोघांना सांगा, इथल्या रोबो वॉर्स या टीव्ही कार्यक्रमाच्या सातव्या पर्वात स्टॉर्म २ नावाचा रोबो मुख्यतः वेग आणि धडक यांच्या जोरावर अंतिम फेरीपर्यंत गेला होता. अमेरिकेच्या बॅटलबॉट्स या तशाच कार्यक्रमात २०१५, २०१८ आणि २०१९ असा तीनदा जिंकलेला बाइट फोर्स हा रोबो बघा, पण या वेळी शस्त्राकडे नको, चाकांकडे बघा. तो रोबो प्रत्येक वेळी समोरच्याकडे तोंड करूनच उभा असतो.

शॉर्टसर्किट

सगळ्यांचे आभार! ७.४ किलोचा आकडा ग्रुपवर टाकला, अर्धा तास कोणी काही बोललंच नाही.

एल२९८एन आणि बीड दोन्ही रद्द. पण दोघांचा हट्ट सुटलेला नाही. आता म्हणतायत ड्रम नको तर उभी डिस्क, १५० मिमी व्यास, १० मिमी जाड. मी स्वतः वजन काढलं, १.४ किलो येतं, म्हणजे बसतंय. ए२२१२ वर ही फिरेल का? आणि वेज केलाच तर कशाचा करायचा? एमएस पत्रा वाकतो म्हणे.

बेअरिंगवाला

फिरायला लागण्याआधीच ए२२१२ जळेल. ती पंखा फिरवायला केलेली मोटर आहे, दीड किलोचा लोखंडी तुकडा शून्यापासून उचलायला नाही. त्यासाठी जाडजूड आउटरनर (बाहेरचं कवच फिरणारी ब्रशलेस मोटर) लागते, ६०० केव्हीच्या (म्हणजे एका व्होल्टला ६०० आरपीएम) आसपासची. ४एस (चार सेलच्या, १४.८ व्होल्टच्या) बॅटरीवर १४.८ गुणिले ६००, म्हणजे ८८८० आरपीएम. पुलीने दीडपट कमी केले की डिस्कला सहा हजारांच्या जवळ मिळतात. मोटरवर डिस्क थेट बसवायची नाही, मध्ये पट्टा हवा. धडक बसली की पट्टा घसरतो आणि मोटरचा शाफ्ट वाचतो.

आता त्या सहा हजारांचा अर्थ बघा. १.४ किलोची ही डिस्क सहा हजारांवर फिरताना तिच्यात साधारण ७७० ज्यूल ऊर्जा असते. तुमचा आठ किलोचा आख्खा बॉट दहा मीटरवरून खाली टाकला तर जेवढा आदळेल, तेवढी. ही वस्तू तुम्ही हॉस्टेलच्या खोलीत चालू करणार? बॉक्स हवा, जाड पॉलिकार्बोनेटचा, चारी बाजूंनी आणि वरून बंद. शस्त्राला खीळ हवी, जी रिंगणात ठेवल्यावरच निघेल. बॉक्स नसेल तर डिस्क बनवूच नका. यावर माझ्याशी वाद घालू नये.

शिवाय एवढं करून ती चावेल का? तुमचा बॉट सेकंदाला दीड मीटर पळतो (१०० मिमी चाक, ३०० आरपीएम, काढून बघा). सहा हजार म्हणजे सेकंदाला शंभर फेरे. डिस्कला दोन दात असतील तर एक दात गेल्यावर दुसरा येईपर्यंत बॉट साडेसात मिलिमीटर पुढे सरकतो. म्हणजे दात जास्तीत जास्त तेवढाच आत घुसणार, आणि तेही सरळ अंगावर गेलात तर. एकच दात ठेवला तर १५ मिमी, पण मग समोर वजन टाकून बॅलन्स करावं लागतं. हळू चालवलंत तर दात नुसता खरवडत जातो, ठिणग्या दिसतात आणि काही होत नाही. म्हणून म्हणतो, पळणारा आणि वळणारा बॉट आधी.

टर्नर_शिरोली

वेजचं मी सांगतो. हार्डॉक्स. डंपरच्या हौद्याला, पोकलेनच्या बकेटला लावतात तो पत्रा. नवीन शीट घ्यायची गरज नाही, लेझर कटिंगवाल्यांकडे तुकडे पडलेले असतात, ४-५ मिमीचा हातभर तुकडा वजनावर मिळतो. तिथेच कापून घ्या, कारण घरच्या ड्रिलने त्यात भोक पडणार नाही.

कोणीतरी ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्याचं सुचवेल, सुचवतातच. पाटा चिवट असतो खरा, पण भोक पाडायला तापवून मऊ केलात की त्याचा गुण गेला, आणि तसाच वेल्डिंग केलात तर वेल्डशेजारी चिरतो. हार्डनिंग परत नीट करून घेणार असाल तरच त्या वाटेला जा.

वेज चेसिसला घट्ट वेल्ड करू नका, बिजागरीवर ठेवा, म्हणजे त्याची कड स्वतःच्या वजनाने जमिनीला घासत राहते. जमिनीपासून दोन मिलिमीटर वर राहिलेला वेज समोरच्याला खाली शिरायला वाट देतो.

पवईकर

अजून थोडं. जॉन्सनचा ६ मिमी शाफ्ट एकाच बाजूने धरलेला असतो, आडवा फटका बसला की वाकतो. चाकाच्या बाहेरच्या बाजूला पट्टी टाकून त्यात बेअरिंग बसवा. ग्रब स्क्रूला लॉकटाइट (स्क्रू ढिला होऊ न देणारा द्रव) लावाच. चाकं चेसिसच्या वर आणि खाली दोन्हीकडे दिसतील अशी ठेवा, उलटा पडला तरी बॉट पळाला पाहिजे. वेज मात्र उलट्या अवस्थेत हवेत राहणार, त्याचा विचार आत्ताच करा.

बॅटरीचे दोन सेट घ्या, कारण दोन फेऱ्यांमध्ये चार्जिंगला वेळ मिळेलच असं नाही. बॅटरी फोममध्ये, चेसिसच्या मध्यभागी, आणि तिच्या आसपास एकही स्क्रूचं टोक नको. चार्जिंग बॅलन्स चार्जरवरच (तो प्रत्येक सेल सारखा भरतो), घराबाहेर, कोणीतरी शेजारी बसलेलं असताना. फुगलेली बॅटरी वापरायची नाही, कितीही नवीन असो.

डिसेंबर आहे, पवईला टेकफेस्ट याच महिन्यात असतं. चौघांनी एक दिवस काढून या. मॅच कमी बघा, पिटमध्ये जास्त थांबा. टीमवाले हातातलं काम संपलं की भरभरून बोलतात.

शॉर्टसर्किट

ठरलं एकदाचं. बिजागरीवरचा हार्डॉक्स वेज, चार जॉन्सन, एमडीडीएस३०, ४एसच्या दोन बॅटरी. पुढचा भाग चार बोल्टवर सुटा ठेवतोय, म्हणजे पुढच्या वर्षी तिथे डिस्कचं मॉड्यूल लावता येईल. या अटीवर ते दोघे तयार झाले. मामा लेथ द्यायला तयार आहेत, फक्त रविवारी.

एकच राहिलं: १२ व्होल्टच्या जॉन्सनला ४एस म्हणजे पूर्ण चार्ज असताना १६.८ व्होल्ट मिळणार. जळणार नाहीत ना?

बेअरिंगवाला

तीन मिनिटांच्या फेरीला सहसा चालून जातं, बरेच जण असंच चालवतात. पण भिंतीला टेकून थ्रॉटल पूर्ण दाबून ठेवायची सवय असलेल्याच्या हातात रिमोट देऊ नका. फेरी झाल्यावर मोटरला हात लावून बघा. बोट ठेवता येत नसेल तर रिमोटमध्ये थ्रॉटलची मर्यादा ऐंशी टक्क्यांवर आणा. जास्तीच्या दोन मोटर पिटमध्ये ठेवा, आणि हब (चाक जोडायचा तुकडा) बसवूनच ठेवा.

बेअरिंगच्या पट्टीचं ड्रॉइंग झालं की इथे टाका, टर्नरसाहेब बघतील.