तरुण पुण्याला गेले, सोलापूरच्या मंडळीचं पुढे काय?

प्रश्न – नवीपेठ

सर्वांना सलाम. आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, पटावर (सभासदांच्या यादीत) ११० कुटुंबं आहेत. रविवारी उपासनेला येतात साठ-पासष्ट माणसं, त्यात पन्नाशीच्या आतली जेमतेम पंधरा. गिरण्या बंद पडल्या तेव्हा एक पिढी बाहेर गेली. आता नर्सिंग, इंजिनिअरिंग केलेली मुलं पिंपरी-हिंजवडीला जातात. इथे राहिलेली नातवंडं इंग्रजी माध्यमातली, त्यांना गीतांचं पुस्तक अडखळत वाचता येतं.

मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पंचांपुढे तीन सूचना आहेत: उपासना मोबाइलवर थेट दाखवावी, तरुणांसाठी गिटार-ड्रमची वेगळी उपासना सुरू करावी, आणि आवारातली मागची जागा भाड्याने द्यावी. आधी कशाला हात घालावा? आशीर्वाद तर हवेतच, पण करता येईल असं काही सांगा.

उत्तर – नोंदवही

तिन्हींच्या आधी पट नीट करा. बऱ्याच मंडळ्यांचा पट म्हणजे वर्गणीची यादी असते. वर्गणी थकली की माणूस पटावरूनही गेला आणि मनातूनही. नवी वही करा. ओळ कुटुंबाची नको, माणसाची: नाव, जन्मतारीख, बाप्तिस्मा, दृढीकरण (कन्फर्मेशन), आज कुठे राहतो, आणि शेवटच्या रकान्यात मंडळीतलं कोण त्याला केव्हा भेटलं. हा शेवटचा रकाना भरायला लागलात की मंडळीची खरी तब्येत कळते.

दहा जोड्या करा, प्रत्येकीला अकरा घरं. आठवड्याला तीन घरं धरली तर महिन्यात सगळी होतात. जोडीत एक वयस्क, एक तरुण. पावतीपुस्तक चुकूनही सोबत नेऊ नका. ते दिसलं की भेट वसुलीची होते आणि पुढच्या वेळी दार अर्धंच उघडतं.

पुण्याला गेलेल्यांना तिथल्या मंडळीसाठी सभासदत्वाचं पत्र द्या, तिथल्या पाळकसाहेबांना (पास्टरना) फोनही करा. लोक नाव हलवत नाहीत त्यामागे अनेकदा एकच भीती असते: नाव गेलं तर दफनभूमीत आईवडिलांशेजारची जागाही जाईल. म्हणून पंचांचा लेखी ठराव करा की नाव हलवलं तरी तो हक्क राहील. मग नावं मोकळी होतील. नाहीतर ती इथे कागदावर राहतात, आणि माणूस इथेही नाही, तिथेही नाही.

उत्तर – गायनवर्ग

वेगळी उपासना करू नका. साठ माणसांचे दोन भाग केले तर आजी एकीकडे, नातू दुसरीकडे, आणि पाच वर्षांत दोन्ही जागा रिकाम्या. कवी नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा. त्यांनी ख्रिस्ताची भक्ती अभंग-भजनात आणली, तेव्हा मंडळ्यांना इंग्रजी चालींची सवय होती. आज आपण ज्याला जुनं म्हणतो ते एकेकाळी नवंच होतं, आणि ते गायलं गेलं ते सगळ्यांनी एका जागी बसून.

महिन्याला एकच नवं गीत घ्या, चारही रविवारी तेच. पेटीचा सूर काळी दोनच्या वर नेऊ नका. त्यावर वयस्कांचा आवाज फाटतो आणि ते गप्प बसतात. मुलांसाठी गीत मोठ्या टायपात कागदावर छापा आणि ओळ जिथे श्वास घ्यायचा तिथेच तोडा. जोडाक्षराचा शब्द दोन ओळींत तोडला की मुलं तिथेच अडतात. सकाळच्या उजेडात प्रोजेक्टर फिका दिसतो, त्यावर खर्च नको.

थेट दाखवण्याचं म्हणाल तर मागच्या बाकावर ठेवलेल्या मोबाइलमध्ये आपल्याकडे मार्चपासून फक्त पंखे ऐकू येतात. माइकच्या मिक्सरला आवाज बाहेर काढायचं जादा भोक असतं, त्या ऑक्झ-आऊटमधून साध्या यूएसबी साउंड कार्डने आवाज मोबाइलमध्ये घ्या. मिक्सरचा आवाज निम्म्यावर ठेवा, नाहीतर शब्द फुटतात. दोन तासांची उपासना कोणी पाहत नाही. पंधरा मिनिटांचा उपदेश आणि एक गीत अंथरुणाला खिळलेल्यांना त्याच दुपारी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा, आणि पाठवणाऱ्याने त्यांना फोन करावा.

उत्तर – खजिनदार

जागेची घाई नको. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ३६ प्रमाणे बिगरशेती जागा किंवा इमारत तीन वर्षांहून जास्त काळ भाड्याने द्यायची तर धर्मादाय आयुक्तांची आधी परवानगी लागते. आधी शेड्यूल-१ चा (धर्मादाय कार्यालयातल्या ट्रस्टच्या नोंदीचा) उतारा आणि सिटी सर्व्हेची मालमत्ता पत्रिका काढा, दोन्हींवरची नावं जुळतात का पाहा. मिशनच्या काळातल्या जमिनी कितीदा भलत्याच ट्रस्टच्या नावावर निघतात. १९७० साली नागपुरात वेगवेगळ्या मिशनच्या मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं, त्यानंतर काही ठिकाणचे मालमत्तेचे वाद कोर्टापर्यंत गेले.

विश्वस्त बदलले की कलम २२ प्रमाणे ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज (चेंज रिपोर्ट) द्यावा लागतो. तो राहून गेला की बँकेत सह्यांवरून अडतं आणि छपराची कौलंसुद्धा बदलता येत नाहीत. कागद झाल्यावरही भाड्यापेक्षा त्या जागेत संध्याकाळचा अभ्यासवर्ग बघा. मुलं आवारात येतील.

प्रश्नकर्ता – नवीपेठ

पट आणि ठराव आधी घेतो. उत्तम शुक्रवारी (गुड फ्रायडेला) बारा ते तीन उपासनेला बसणं वयस्कांना उन्हामुळे झेपत नाही, तरुण तर येतच नाहीत. वेळ बदलावी का?

उत्तर – गायनवर्ग

वेळ तीच ठेवा, तिला अर्थ आहे. येशूचे क्रूसावरचे सात उद्गार सात जणांना वाटून द्या, त्यातले निदान तीन पंचविशीच्या आतले. प्रत्येकाला पंचवीस मिनिटं: वाचन, बारा मिनिटं मनन, गीत, प्रार्थना, थोडी शांतता. दर उद्गारानंतर बाजूचं दार उघडा, म्हणजे ज्याला जायचंय तो न लाजता जाईल आणि उशिरा आलेला आत येईल. दाराशी पाण्याचा माठ ठेवा. पुण्याच्या मुलांना महिनाभर आधी उद्गार नेमून द्या. ऐकायला नाही आली तरी बोलायला येतात. गुरुवारी संध्याकाळी पुण्याहून हुतात्मा एक्सप्रेस पकडली की रात्री घरी पोचतात.