मदत हवी आहे: इंग्लंडमधल्या गावाचा जुना इतिहास कुठे शोधायचा? (जरा घाई आहे)

गारठलेला
नमस्कार मंडळी, सरळ मुद्द्यावर येतो. इंग्लंडमध्ये मी ज्या गावात राहतो त्याचा, खरं तर आमच्या गल्लीचा, जुना इतिहास शोधतोय. गूगल करून करून डोळे पांढरे झाले. सगळीकडे तेच पाच परिच्छेद: रेल्वे आली, कारखाना आला, कारखाना गेला, आता तिथे शॉपिंग सेंटर आहे. मला ते नकोय. आमच्या घरात पूर्वी कोण राहायचं ते हवंय. जनगणनेच्या साइटवर रस्त्याचं नाव टाकलं, निकाल शून्य. घर दगडी आहे, शंभर वर्षांपूर्वीचं तर नक्कीच. एका कचेरीला ईमेल करून तीन आठवडे झाले, 'तुमची विचारणा मिळाली' याच्यापुढे गाडी सरकत नाही. शनिवारच्या आत काहीतरी हातात पाहिजे. कुणाला अनुभव? कृपया 'विकिपीडिया बघा' म्हणू नका.

खटपट्या
गाव कुठलं?

इरसाल आजोबा
स्वतःच्या पणजोबांचं नाव सांगता येतं का? ते आधी शोधा. गोऱ्यांच्या गल्लीत कोण राहत होतं याची उठाठेव कशाला?

वांगीभात
सरळ पैसे भरून वंशावळीच्या साइटचं वर्षाचं सदस्यत्व घ्या आणि सोबत डीएनए चाचणी करून टाका. मी केली. थुंकी पाठवली, सहा आठवड्यांत निकाल.

माणिकमोती
वांगीभात, ते घर शोधतायत हो, पणजोबा नाही. भिंतीची थुंकी कुठून आणणार?

वांगीभात
मी माझा अनुभव सांगितला. ज्याला पटेल त्याने घ्यावा.

गारठलेला
गाव स्विंडन. रेल्वे म्हटल्यावर कळेल असं वाटलं होतं.

खटपट्या
इंग्लंडात रेल्वे कारखान्याची गावं काय एकच आहेत? क्रू, डर्बी, डॉनकास्टर, ईस्टली. आमच्याकडे येऊन 'मी साखर कारखान्याच्या गावचा' म्हटल्यासारखं झालं. बरं, आता रस्ता सांगा, आणि साधारण कुठलं साल हवंय तेही.

बाडबिस्तरा
स्विंडन असेल तर अजून एक प्रश्न. टेकडीवर राहता की खाली? यावर सगळं अवलंबून आहे. टेकडीवरचं ओल्ड टाउन हे जुनं बाजाराचं गाव, तिथले जमीनदार गॉडर्ड घराणं. खालचं न्यू स्विंडन ग्रेट वेस्टर्न रेल्वेने माळरानावर वसवलं. कारखाना १८४३ साली सुरू झाला आणि १९८६ साली बंद पडला. १९०० पर्यंत ही दोन वेगळी गावं होती, कारभारही वेगळा.
टेकडीवर असाल तर चर्चची जन्म-लग्न-मृत्यूची रजिस्टरं (इंग्लंडात ती १५३८ पासून ठेवायला लागले), टाइदचे नकाशे (चर्चला द्यायच्या दशांश करासाठी काढलेले जमिनीचे नकाशे), जमीनदाराची कागदपत्रं असं खोल जाता येतं. खाली असाल तर १८४० च्या मागे काही नाहीच, तिथे गायी चरत होत्या. पण त्यानंतरचं इतकं आहे की वाचून होणार नाही.

गारठलेला
खाली. रेल्वे व्हिलेजमध्ये (कंपनीने कामगारांसाठी बांधलेली वसाहत), बाथहॅम्प्टन स्ट्रीट. घर भाड्याचं आहे.
आता सगळंच सांगतो. गेल्या महिन्यात घरमालकाने सुतार पाठवला होता. जिन्याखालची फळी करकरत होती ती त्याने उचलली, तर खाली मातीत एक पितळी बिल्ला. दोन रुपयांच्या नाण्यापेक्षा थोडा मोठा, वरच्या कडेला भोक, वर जी.डब्ल्यू.आर. (ग्रेट वेस्टर्न रेल्वे) असं ठोकलेलं, मध्ये चार आकडी नंबर आणि खाली एक अक्षर, पण ते अक्षर वाचता येत नाही. लेकीने ठरवलंय की सोमवारी शाळेत 'माझा रस्ता' या विषयावर हाच बिल्ला घेऊन बोलायचं. म्हणून शनिवारी तक्ता करायला बसायचंय. नंबरवरून माणूस सापडेल ना?

माणिकमोती
अय्या, मग हे पहिल्या पोस्टमध्ये नको का सांगायला!! आणि बिल्ला घासू नका हं. झिजलेलं अक्षर तिरप्या उजेडात धरलं की दिसतं कधीकधी.

गारठलेला
उशीर झाला. आई आली आहे भारतातून. तिने देवाच्या उपकरणीबरोबर चिंच-मीठ लावून लख्ख केला.

माणिकमोती
😐

खटपट्या
घर भाड्याचं असलं तरी ती अख्खी वसाहत संरक्षित यादीत आहे. परवानगीशिवाय फळ्याबिळ्या उचकटू नका. सापडला बिल्ला तेवढा पुरे.

वांगीभात
दगडी घर म्हणजे ओल येणारच. सिमेंटचा गिलावा करू देऊ नका, चुन्याचाच करायला सांगा. भिंतीला श्वास घेता आला पाहिजे.

रेल्वेवेडा
वा, स्विंडन! बोरीबंदर ते ठाणे, १६ एप्रिल १८५३, साहिब-सिंध-सुलतान ही तिन्ही इंजिनं याच कारखान्यातली. म्हणजे तुमच्या घरातल्या माणसाने आपली पहिली गाडी बनवली असं म्हणायला हरकत नाही! लेकीला हे नक्की सांगा.

खटपट्या
हरकत आहे. ती इंजिनं लँकेशायरच्या व्हल्कन फाउंड्रीची. स्विंडनचा काडीचा संबंध नाही. पोरगी शाळेत चुकीचं सांगून येईल.

रेल्वेवेडा
कुठेतरी वाचल्याचं पक्कं आठवतंय.

खटपट्या
ग्रेट वेस्टर्न तेव्हा त्यांच्या इंजिनियर ब्रुनेलच्या सात फुटी गेजवर (दोन रुळांमधलं अंतर) होती. आपलं गेज साडेपाच फूट. आपली इंजिनं त्यांच्या रुळावर तपासून बघायचीही सोय नव्हती, आणि तुम्ही तिथे बांधायला काढलीत.

रेल्वेवेडा
बरं, व्हल्कन तर व्हल्कन. परळच्या वर्कशॉपमध्ये माझे आजोबा फिटर होते, त्यांच्याकडेही असाच पितळी टोकन होता. सकाळी खिडकीवर घ्यायचा, संध्याकाळी परत टाकायचा. हरवला तर दंड. त्या खिडकीवरच्या बाबूचे किस्से लिहायला घेतले तर...

बाडबिस्तरा
...तर वेगळा धागा काढा, मी वाचायला येईन.
गारठलेला, तुमची मेख रस्त्याच्या नावात आहे. बाथहॅम्प्टन स्ट्रीट हे नंतरचं नाव. आधी तो नुसता बाथ स्ट्रीट होता. त्या वसाहतीतल्या गल्ल्यांना ग्रेट वेस्टर्नवरच्या स्टेशनांचीच नावं दिली होती: ब्रिस्टल, एक्सेटर, टॉन्टन, रीडिंग, ऑक्सफर्ड. पुढे वरचं आणि खालचं गाव एक झालं, आणि हाय स्ट्रीट वरही होता, खालीही, म्हणून नावं बदलली. खालचा हाय स्ट्रीट म्हणजे आजचा एम्लिन स्क्वेअर. १८८१ च्या जनगणनेत 'बाथ स्ट्रीट, न्यू स्विंडन' असं शोधा. १८८१ ची नक्कल फुकट बघता येते.
घराचा नंबर मात्र डोळे झाकून मानू नका. मोजणीदार दारोदार चालत जायचा त्या क्रमाने वही भरलेली असते, आणि प्रत्येक वहीच्या सुरुवातीला त्याने कुठून कुठे फिरायचं ते लिहिलेलं असतं. कोपऱ्यावरची खानावळ किंवा दुकान ओळखा आणि तिथून घरं मोजत या.

खटपट्या
त्याआधी नकाशा. मी कधीपासून सांगणार होतो. स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या साइटवर इंग्लंडचेही ऑर्डनन्स सर्व्हेचे जुने नकाशे आहेत, पंचवीस इंची मापाचे, एकेक घर वेगळं दिसतं, आणि एक पैसा लागत नाही. आजच्या नकाशावर जुना नकाशा पसरायचा आणि सरकपट्टीने पुसट करत जायचं. मी एकदा बसलो तर रात्रीचे दोन वाजले होते.

बाडबिस्तरा
नकाशात माणूस सापडत नाही.

खटपट्या
आणि नकाशाशिवाय घर सापडत नाही. मोजा मग खानावळीपासून.

उंडो
अरे बाबा, तू स्विंडनाक आसा आणि इंग्लंडभर विचारतोस? मीही इथेच, आम्ही गोंयकार इथे इतके आहोत की बसमध्ये कोंकणी ऐकू येते. रीजंट सर्कसवरच्या सेंट्रल लायब्ररीत स्थानिक इतिहासाचा वेगळा विभाग आहे, तिथे जा. जुने फोटो त्यांनी फ्लिकरवर पण टाकलेत. ईमेल करत बसू नको, तोंड दाखव. गोंयांत पाद्रीबाबाला पत्र लिहून बाप्तिस्म्याचं पुस्तक मिळतं काय? दारात उभं राहावं लागतं.
आणि गंमत म्हणजे सबंध देशाच्या जुन्या इमारतींचे फोटो सांभाळणारं हिस्टॉरिक इंग्लंडचं दफ्तर स्विंडनातच, जुन्या कारखान्याच्या आवारात आहे. विमानातून काढलेले फोटोसुद्धा. भेटीची वेळ आधी घे. काउंटीची मूळ कागदपत्रं मात्र चिपनहॅमला, बाथच्या गाडीने पुढचंच स्टेशन.

माणिकमोती
चिपनहॅमला जाणार असाल तर ओळखपत्र आणि पेन्सिल न्या. पेन आत नेऊ देत नाहीत. मी दुसऱ्या एका दफ्तरखान्यात पेन काढला तर बाईंनी असं बघितलं जणू मी काडेपेटी काढली.

गारठलेला
बिल्ल्याच्या नंबरचं कुणीच सांगितलं नाही.

बाडबिस्तरा
कारण उत्तर तुम्हाला आवडणार नाही. नुसत्या नंबरवरून माणूस सापडणं जवळपास अशक्य. कारखान्यात डझनावारी शॉप (विभाग) होते, एक माणूस सोडून गेला की त्याचा नंबर दुसऱ्याला. खालचं अक्षर असतं तर शॉप कळायची थोडी आशा होती, ते चिंचेत गेलं. उलट बाजूने या. आधी जनगणनेतून घर, घरातून नाव, मग नावावरून कंपनीची नोकरी. ग्रेट वेस्टर्नच्या नोकरांच्या नोंदी लंडनमधल्या क्यूच्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये रेल २६४ या क्रमांकाखाली आहेत, आणि पैसेवाल्या वंशावळीच्या साइटवरही आहेत. वांगीभात, तुमचं सदस्यत्व इथे कामाला येतं. पण बऱ्याच सार्वजनिक वाचनालयांत तीच साइट तिथल्या कॉम्प्युटरवर फुकट उघडते.
मधल्या वर्षांसाठी मतदारयाद्या आणि केलीच्या डिरेक्टरीज (गावातल्या रहिवाशांच्या आणि दुकानदारांच्या छापील याद्या). १९३१ ची जनगणना शोधू नका, ती १९४२ साली आगीत जळाली. १९४१ ची झालीच नाही, युद्ध चालू होतं. तिथे १९३९ चं रजिस्टर (युद्ध सुरू झाल्यावर केलेली घरोघरची नोंद) वापरायचं.

वांगीभात
तेच तर मी पहिल्यांदा म्हणालो होतो.

माणिकमोती
तुम्ही थुंकी म्हणाला होतात.

बाडबिस्तरा
थोडं अवांतर, पण लेकीला आवडेल. याच कारखान्यात आल्फ्रेड विल्यम्स नावाचा घणावर काम करणारा माणूस होता. तेवीस वर्षं भट्टीजवळ काढली. दिवसा घण, रात्री लॅटिन आणि ग्रीक, कोण शिकवणारं नाही. कारखान्यातल्या रोजच्या आयुष्यावर त्याने १९१५ साली पुस्तक काढलं. हजेरी, भोंगा, मुकादमाची मर्जी, सगळं आतल्या माणसाने लिहिलेलं. तुमच्या घरातला माणूस सकाळी बिल्ला घेऊन कुठे जायचा ते कळायला याहून चांगलं साधन नाही. पहिल्या महायुद्धात तोफखान्यात भरती होऊन तो भारतात आला, परत गेल्यावर संस्कृत शिकला आणि पंचतंत्रातल्या गोष्टी इंग्रजीत आणल्या. ते पुस्तक १९३० साली आलं, त्याच वर्षी तो गेला.

इरसाल आजोबा
संस्कृत? घणवाला? कुणाकडे शिकला?

बाडबिस्तरा
स्वतःच. कोश आणि व्याकरण घेऊन.

इरसाल आजोबा
आमच्या शाळेत शास्त्रीबुवा छडी घेऊन बसायचे तरी आम्हाला 'रामः रामौ रामाः' पुढे गेलं नाही. हे पुस्तक कुठे मिळेल? जुन्या पुस्तकवाल्यांकडे विचारू का? गारठलेला, तुम्ही लायब्ररीत जालच, तिथे बघून कळवा. माझं आधीचं म्हणणं कायम आहे, पण कळवा.

गारठलेला
अपडेट. गुरुवारी अर्धा दिवस रजा टाकून लायब्ररीत गेलो. तिथल्या बाई फार चांगल्या निघाल्या, मी बोलायला लागण्याआधीच 'बाथ स्ट्रीट' म्हणाल्या. बाडबिस्तरा, साष्टांग दंडवत.
१८८१ मध्ये आमच्या घरात (खानावळीपासून मोजलं, नकाशावरही ताडून बघितलं, दोघांचाही मान ठेवला) एक बॉयलरमेकर, बायको, पाच मुलं आणि दोन लॉजर. नऊ माणसं. आम्ही चौघं आहोत आणि आई रोज म्हणते घर लहान आहे.
१९११ च्या कागदावर मात्र जरा थांबलो. तो घरच्या माणसाने स्वतः भरायचा होता, तेव्हा कुटुंब दुसरं होतं. लग्नाला किती वर्षं, मुलं किती झाली, किती हयात, किती गेली, असे रकाने. त्याने बोरूने लिहावं तसं ठळक लिहिलंय: ९, ६, ३. शेवटचा ३ आधी दुसऱ्या रकान्यात लिहून खोडलाय. आईला दाखवलं. ती बराच वेळ स्क्रीनकडे बघत होती. मग म्हणाली, माझ्या आजीचंही असंच होतं, पण कुणी लिहून नाही ठेवलं.
बिल्ला कुणाचा ते कळलं नाही. इथल्या स्टीम या रेल्वे म्युझियमला फोटो पाठवलाय. लेक म्हणते तक्त्यावर नऊ माणसं काढणार, बिल्ला मधोमध.
इरसाल आजोबा, विल्यम्सचं ते पंचतंत्र लायब्ररीच्या यादीत आहे, बाहेर देत नाहीत. पुढच्या आठवड्यात जाऊन दोन पानं बघतो.

इरसाल आजोबा
दोन नको, मित्रभेद पूर्ण बघा. करटक-दमनकाचं त्याने काय केलंय ते लिहा.

रेल्वेवेडा
परळचा धागा काढलाय, लिंक देतो.

नवखा_००९
छान माहिती. धागा पळवतोय त्याबद्दल माफी, पण माझं घर ब्रॅडफर्डला आहे, खूप जुनं. कुठे शोधू? अर्जंट.

खटपट्या
रस्ता कुठला?