कोलाचं झाड नागपुरात जगते का? पानांचे शेंडे जळून राहिले

मनीषनगर_गच्ची
नमस्कार मंडळी. मागच्या पावसाळ्यात ऑनलाइन कोलाचं रोप मागवलं, तेच झाड ज्याच्या बिया कोल्ड्रिंकमध्ये टाकायचे म्हणतात. आलं तेव्हा वीतभर होतं, आता दीड फूट आहे. थंडीत नुसतं उभं होतं, फेब्रुवारीत दोन नवी पानं काढली, मले वाटलं जमलं बाप्पा. पण एप्रिल लागला अन् पानांचे शेंडे तपकिरी, कडा अशा कुरकुरीत की बोटात धरल्या तर चुरा. कुंडी गच्चीवर आहे, ग्रीन नेटखाली. पाण्यात कंजुसी नाही, दोन टाइम देतो, कूलरची टाकी रोज रिकामी करतो तेच जाते. नवतपा, म्हणजे मे अखेरचे ते नऊ कडक दिवस, तर अजून यायचेच आहेत. पावसाळ्यात प्लॉटवर लावून टाकू का? काळी माती आहे. अन् फळ कधी धरते?

काटोल_संत्रा
काळ्या मातीत नका लावू भाऊ. पावसाळ्यात पाणी धरून ठेवते, मुळं गुदमरतात, अन् उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात त्यात कोवळी मुळं तुटतात. संत्र्याचेच हाल होतात तिथं, हे तर पश्चिम आफ्रिकेतल्या पावसाळी जंगलातलं झाड, तिकडं 20 मीटरपर्यंत जाते. फळाचं म्हणाल तर बी पासूनचं झाड तिकडंच सात-आठ वर्षं घेते, अन् पुष्कळदा स्वतःच्या परागानं फळ धरतच नाही, जवळ दुसरं झाड लागते. तुमच्याकडं एकच आहे ना? मग पानं पाहा अन् खुश राहा. गंमत म्हणजे घराणं आपल्या कपाशीचं, भेंडीचं, अंबाडीचंच आहे. पण लाड कपाशीचे नाही, कोकोचे करा, तो याचा जवळचा भाऊबंद.

धरमपेठ_बागवाली
दादा, कुंडी आधी गच्चीवरून खाली आणा. नेटनं ऊन अडते, स्लॅबची धग नाही अडत. 45 डिग्रीपेक्षा कोरडी हवा जास्त मारते या झाडाले. पूर्वेकडच्या भिंतीशी, मोठ्या झाडाच्या सावलीत, चार कुंड्यांच्या घोळक्यात ठेवा. छोट्या रोपाले तिकडंही सावलीच देतात. कुंडी उंच घ्या, सोटमूळ असते. आणि डिसेंबरात रात्री घरात.

लागोस_रिटर्न
सहा वर्षं नायजेरियात काढली म्हणून सांगतो. इग्बो लोकांच्या घरी गेलं की आधी कोला समोर येतो, चहापाणी नंतर. कच्चाच चावायचा, कॅफिन असते त्यात, पहिल्यांदा तोंड असं कडू-तुरट होते की आपला तंबाखू-सुपारीचा खर्रा बरा वाटावा, पण वरून पाणी प्या, पाणी गोड लागते. बाजारात बाया पानात गुंडाळून ओलसर ठेवतात, कारण सुकला की चव गेली अन् रुजणंही गेलं. आमच्या ऑफिसातल्या एकानं सुकलेले तुकडे पेरले होते, पंधरा दिवसांत बुरशी. ताजं बीसुद्धा कोंब काढायला महिने घेते. कोलाच्या खायच्या दोन मुख्य जाती: सोललेलं बी दोन फोडींचं असेल तर नितिडा, जास्त फोडी असल्या तर अॅक्युमिनाटा. अन् कोणी पाहुणा बॅगेत घालून आणतो म्हणाला तर नाही म्हणा, बी आणायला परमिट अन् क्वारंटाइनचे कागद लागतात.

धरमपेठ_बागवाली
थांबा थांबा, मी नीट वाचलंच नाही. कूलरच्या टाकीचं पाणी देऊन राहिले? टाकीत बोरचं भरता का?

मनीषनगर_गच्ची
हो ताई, बोरचंच. वाया काऊन घालवायचं म्हणून.

धरमपेठ_बागवाली
मग झालं! कूलर चालला की पाणी उडते, क्षार टाकीतच राहतात, दिवसभरात पाणी आणखी खारं होते. ते तुम्ही दोन टाइम पाजता. कुंडीच्या काठावर पांढरा थर आहे का पाहा.

मनीषनगर_गच्ची
आहे. नखानं खरवडला, खडूसारखा निघाला. बायको म्हणे असाच थर कूलरच्या ताट्यांवर असते, दरवर्षी मीच घासते, तुम्ही कधी पाहिला?

धरमपेठ_बागवाली
वहिनींना विचारायचं होतं आधी 😄 नळाचं, पेंच धरणाचं पाणी असेल ते तीन-चार बादल्या हळूहळू ओता, खालून निथळू द्या, ताटलीत साचलेलं फेका. जळालेले शेंडे हिरवे होणार नाहीत, नवीन पान कसं येते ते पाहा. एवढ्यात खत टाकू नका.

काटोल_संत्रा
अन् नळ एक दिवसाआड येत असेल तर रात्रीच भरून ठेवा.

मनीषनगर_गच्ची
ओतलं. आधी खाली पिवळसर पाणी आलं, मग साफ. कुंडी उद्या पहाटे उतरवतो, शेजारच्याला बोलावलंय, एकट्यानं उचलत नाही. पावसाळ्यात फोटो टाकतो.