मदत हवी आहे: पॅशन फ्रूटला फुलं भरपूर, फळ एकही नाही

नमस्कार मंडळी, चिपळूणला आमच्या परसात मांडवावर पिवळ्या पॅशन फ्रूटचा वेल आहे, वाढ एकदम जोरदार, कृष्णकमळासारखी फुलं पण खूप येतात, दुपारी उमलली की मोठे काळे भुंगेसुद्धा येतात, तरी फळ धरतच नाही, सगळी फुलं गळून जातात. पिवळ्या जातीला स्वतःचे पराग चालत नाहीत, वेगळ्या रोपाचे लागतात, आणि आमचा वेल एकच. याचीच फांदी लावून उपयोग नाही ना, झाड तेच राहणार. मग बियांपासून दुसरा वेल करू की जांभळ्या जातीचं रोप आणू? पण जांभळीची फुलं सकाळी उमलतात, वेळ जुळेल का? ब्रशने हाताने परागीकरण कोणी केलंय का, नक्की किती वाजता? कोकणात ज्यांच्याकडे फळं धरलीत त्यांनी प्लीज सविस्तर सांगा, आईला सरबतासाठी घरचंच फळ हवंय.