मदत हवी आहे: फवारणी पंपाच्या बॅटरीसाठी चार्जर – दुसरा एसएमपीएस (कॉम्प्युटरचा पॉवर सप्लाय) सिरीजमध्ये जोडला की पहिला बंद पडतो

येरळाकाठ, तासगाव

नमस्कार मंडळी. पाठीवरच्या फवारणी पंपातली बॅटरी १२ व्होल्ट ८ एएच (अँपिअर-तास), सीलबंद लेड-ॲसिड. सोबतचा चार्जर जळाला आहे. द्राक्षांची ऑक्टोबर छाटणी होऊन डावणीच्या (केवडा रोगाच्या) फवारण्या सुरू आहेत, म्हणून हाताशी असलेल्या सामानातून चार्जर करायचा आहे.

सामान: कॉम्प्युटरचे २ जुने एसएमपीएस, लॅपटॉपचा अडॅप्टर १९ व्होल्ट ३.४२ अँपिअर, व्होल्टेज कमी करणारं, व्होल्टेज आणि करंट दोन्ही बांधता येणारं एक्सएल४०१५ मॉड्यूल, मल्टिमीटर.

हिरवी वायर काळीला (मायनसला) जोडून एसएमपीएस चालू केला. पिवळीवर (१२ व्होल्टच्या वायरीवर) ११.७ व्होल्ट येतात. बॅटरी १२.१ दाखवते, जोडल्यावर करंट शून्य. म्हणून २४ व्होल्ट करून मॉड्यूलला द्यावेत असं ठरवलं. पहिल्याची पिवळी दुसऱ्याच्या काळीला जोडली, तर पहिला लगेच बंद होतो आणि दुसरा चालूच राहतो. दोन्ही सुटे सुटे व्यवस्थित चालतात. थ्री-पिनमधली अर्थची पिन काढली की चालेल असं एकाने सांगितलं. काढू का?

सोल्डरगन, मिरज

अर्थची पिन काढू नका. बाकीचं सगळं नंतर वाचा, हे आधी.

पहिला का बंद पडतो ते सांगतो. कॉम्प्युटरच्या एसएमपीएसमध्ये काळ्या वायरी पत्र्याच्या डब्याला जोडलेल्या असतात आणि डबा थ्री-पिनमधून अर्थला. म्हणजे दोन्ही एसएमपीएसच्या काळ्या अर्थमधून एकमेकींना आधीच जोडलेल्या आहेत. तुम्ही पहिल्याची पिवळी दुसऱ्याच्या काळीवर नेली, म्हणजे ती अर्थमार्गे स्वतःच्याच काळीवर नेली. पहिल्याच्या १२ व्होल्टचा सरळ शॉर्ट झाला आणि त्याच्या प्रोटेक्शनने त्याला बंद केलं. दुसऱ्याच्या पिवळी-काळीत शॉर्ट नाही, म्हणून तो चालू राहतो.

अर्थ तोडली की शॉर्ट दिसेनासा होईल, पण आतल्या फिल्टरच्या कपॅसिटरमधून डबा मेनच्या निम्म्या व्होल्टेजला, म्हणजे ११५ च्या आसपास तरंगायला लागतो. एरवी डब्याला हात लावला तर झिणझिण्यांवर भागतं. मेनच्या बाजूचा एखादा भाग डब्याला टेकला, तर पूर्ण २३० व्होल्ट पत्र्यावर येतात आणि ते खाली न्यायला अर्थ नसते. तुमचा चार्जर मोटारीच्या खोलीत, ओल्या फरशीवर, ओल्या हातांनी हाताळला जाणार. तिथे ही तडजोड चालत नाही.

११.७ चं कारण वेगळं आहे. बऱ्याच जुन्या एसएमपीएसमध्ये ५ आणि १२ व्होल्टचं नियंत्रण एकत्र असतं. लाल (५ व्होल्टच्या) वायरीवर थोडा लोड दिला, उदाहरणार्थ १० ओहम १० वॅटचा रेझिस्टर, की पिवळी १२ च्या जवळ येते. पण १२ नेही तुमचं काम होणार नाही. पूर्ण भरलेली बॅटरी नुसती ठेवली तरी १२.७ च्या वर असते. चार्ज करताना तिला १४.४ लागतात.

माणदेशी, आटपाडी

टीएल४९४ आयसी (व्होल्टेज नियंत्रित करणारी चिप) असलेला एसएमपीएस असेल तर फीडबॅकचे रेझिस्टर बदलून १४.४ काढता येतात ना?

सोल्डरगन, मिरज

येतात. पण जास्त व्होल्टेजचं प्रोटेक्शन मध्ये येतं, ते शोधून वळवावं लागतं. १२ च्या लाइनवरचे कपॅसिटर बहुतेक १६ व्होल्टचे असतात, ते २५ चे टाकावे लागतात. शिवाय करंट बांधण्याची सोय वेगळी करावी लागते. आणि उघड्या बोर्डावर मेनच्या बाजूला ३२५ व्होल्ट डीसी असतात, प्लग काढल्यावरही काही वेळ राहतात. घरात लॅपटॉपचा अडॅप्टर पडलेला असताना हे करायचं कारण नाही.

वाळवा_फिटर, इस्लामपूर

येरळाकाठ दादा, एसएमपीएस बाजूला ठेवा. अडॅप्टर आणि एक्सएल४०१५ एवढ्यावर काम होतं. अडॅप्टर १०० ते २४० व्होल्टवर चालतो, त्यामुळे मळ्यात संध्याकाळी व्होल्टेज १७० ला आलं तरी चार्जिंग थांबत नाही. १९ व्होल्ट थेट बॅटरीला मात्र कधी देऊ नका.

अडॅप्टरची पिन कापण्याआधी मीटरने बघा: बहुधा आतला भाग प्लस, बाहेरचा मायनस. मध्ये बारीक तिसरी सुई असेल तर ती लॅपटॉपला ओळख देण्यासाठी असते, ती टेप लावून सोडा. प्लस-मायनस मॉड्यूलच्या इनपुटला. आउटपुटच्या प्लसमध्ये करंट एकाच दिशेने जाऊ देणारा एक शॉटकी डायोड, एसआर५६० किंवा १एन५८२२, पट्टीची बाजू बॅटरीकडे. डायोड नसेल तर लाइट गेल्यावर बॅटरीचा करंट उलटा मॉड्यूलमध्ये जातो. त्यानंतर ५ अँपिअरचा फ्यूज, बॅटरीच्या प्लसजवळ.

बांधायचं असं. आधी करंटचा प्रीसेट (मॉड्यूलवरचा फिरवायचा छोटा स्क्रू) डावीकडे पूर्ण कमी करा. बॅटरी न जोडता आउटपुट १४.७ ला आणा. ०.३ व्होल्टच्या आसपास डायोडमध्ये जातात, म्हणून १४.४ नाही. मग मल्टिमीटरची लाल वायर १० अँपिअरच्या भोकात घालून आउटपुट मीटरमधूनच शॉर्ट करा आणि करंटचा प्रीसेट हळूहळू वाढवत १.५ अँपिअरला थांबा. काही सेकंदांत उरका. हे प्रीसेट वीस-पंचवीस फेऱ्यांचे असतात, पहिल्या काही फेऱ्यांत काहीच हललं नाही तर मॉड्यूल खराब समजू नका.

बॅटरीच्या अंगावर छापलेलं वाचा. ८ एएच वर बहुतेक कमाल २.४ अँपिअर लिहिलेलं असतं. १.५ ला रिकामी बॅटरी ७-८ तासांत भरते. मॉड्यूलच्या आयसीला छोटी हीटसिंक चिकटवा.

येरळाकाठ, तासगाव

सांगितल्याप्रमाणे जोडलं. मीटरने शॉर्ट करून १.५ बरोबर बांधला गेला. नंतर लाल-निळ्या आकड्यांचा डिजिटल व्होल्ट-अँपिअर मीटर बसवला. आता बॅटरी जोडली की करंट ३ च्या वर जातो, अडॅप्टरचा दिवा लुकलुकतो, टिकटिक आवाज येतो. करंटचा प्रीसेट कितीही फिरवला तरी फरक नाही.

सोल्डरगन, मिरज

मीटरच्या बारीक वायरी कुठे जोडल्यात?

येरळाकाठ, तासगाव

बारीक लाल आणि बारीक काळी अडॅप्टरच्या १९ व्होल्टवर. पिवळी आउटपुटच्या प्लसवर. जाड जोडी आउटपुटच्या मायनसमध्ये.

सोल्डरगन, मिरज

तिथेच चूक आहे. या मॉड्यूलमध्ये करंट मोजणारा छोटा रेझिस्टर मायनसच्या लाइनमध्ये असतो, त्यावर आर०५० असं काहीतरी छापलेलं दिसेल. इनपुटचा मायनस आणि आउटपुटचा मायनस म्हणजे एकच तार नव्हे. मीटरमध्ये बारीक काळी आणि जाड काळी आतून एकच असतात. बारीक काळी इनपुटवर गेल्यामुळे करंटला त्या रेझिस्टरला वळसा घालून जायला वाट मिळाली. मॉड्यूलला करंट दिसतच नाही, मग तो बांधणार कसा? मल्टिमीटरने बांधताना हा मीटर नव्हता, म्हणून तेव्हा जमलं. अडॅप्टरची टिकटिक म्हणजे त्याचं ओव्हरलोड प्रोटेक्शन.

बारीक लाल आउटपुटच्या प्लसवर, डायोडच्या आधी घ्या. बारीक काळी मोकळी ठेवून टेप लावा, जाड काळीतून तिला मायनस मिळतोच. जाड काळी मॉड्यूलकडे, जाड लाल बॅटरीच्या मायनसकडे. पत्र्याच्या डब्यात बसवत असाल तर दोन्ही मायनसपैकी कोणताही डब्याला टेकू देऊ नका, नाहीतर पुन्हा हेच.

येरळाकाठ, तासगाव

बदललं. सुरुवातीला १.५ अँपिअरवर स्थिर. साडेपाच तासांनी करंट उतरायला लागला. आता ०.२ अँपिअर, बॅटरीच्या टोकांवर १४.४. काढू की राहू देऊ?

वाळवा_फिटर, इस्लामपूर

काढा. ८ एएच ला ०.२ म्हणजे भरली. रात्रभर लावून ठेवायची असेल तर बॅटरीच्या टोकांवर १३.६ ते १३.८ येईल असं बांधावं लागेल, १४.४ वर कायम ठेवली तर आतलं पाणी उडतं. एप्रिल-मेमध्ये ४० अंशांत तर व्होल्टेज कमीच करा. २५ अंशांच्या वर दर अंशाला ०.०३ व्होल्ट धरा, म्हणजे १४.४ चे साधारण १३.९५.

काढल्यावर ३-४ तासांनी मोजा. १२.७ च्या वर असेल तर बॅटरी चांगली. १०.६ च्या आसपास अडकून राहिली तर एक सेल गेला, तिच्यात चार्जर बिचारा काही करू शकत नाही.

पंपाचं चार्जिंग सॉकेटही बघा. बोर्डोचं (मोरचूद-चुन्याच्या फवारणीचं) पाणी लागून आत हिरवा थर बसतो आणि तिथेच अर्धा व्होल्ट जातो. टोकांवर १४.४ मोजलं म्हणालात ते बॅटरीवरच मोजलं ना, सॉकेटवर नाही?

येरळाकाठ, तासगाव

बॅटरीवरच. सॉकेटवर १४.६ येतात, म्हणजे ०.२ मध्येच जातात. हिरवा थर आहेच, बदलतो. भावाच्या पंपात १२ एएच आहे, हाच चार्जर चालेल का?

वाळवा_फिटर, इस्लामपूर

लेड-ॲसिड असेल तर काही न बदलता चालेल, वेळ १० तासांच्या पुढे जाईल. पण आधी बॅटरीवरचं नाव वाचा. नव्या पंपांत लिथियमचे पॅक येतात, त्यातला ३ सेलचा पॅक १२.६ व्होल्टला पूर्ण भरतो. त्याला हा १४.४ चा चार्जर लावायचा नाही.